पालकांचं टपाल : निधी नाही म्हणतात, मग खालच्या शाळेला कसा?

मागच्या अंकात शाळा व्यवस्थापन समितीवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेक पत्रं पैशाची. मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होते, म्हणजे ज्या टेबलासमोर तुम्ही ताटकळत उभे राहता त्याच्या पलीकडे बसायचे. तिथून जे दिसतं तेच इथे सांगते. पत्रलेखकांची नावं आणि गावं गाळली आहेत.

मॅडम, आमची जिल्हा परिषदेची शाळा पाड्यावर आहे. पहिली ते चौथी, पट ३४. दोन खोल्या, त्यातली एक गळते, म्हणून पावसाळ्यात चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. मुलींच्या संडासाला दार नाही. खाली डांबरी रस्त्याच्या कडेला जी शाळा आहे तिथे टीव्ही आहे, दरवर्षी रंग होतो, कंपाउंडला गेट आहे. दोन्ही शाळा एकाच केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकाच गटात. मी समितीची अध्यक्ष आहे, सातवी शिकले. ऑफिसात गेलं की म्हणतात निधी नाही. मग खाली कुठून आला? भांडायचं कोणाशी?
— एक आई, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) क्षेत्रातला पाडा

ताई, खालच्या शाळेशी भांडू नका, हे आधी. तिथला टीव्ही बहुधा सरकारी पैशाचा नसेलच. रस्त्याकडेच्या शाळेसमोर गाडी थांबते, कंपनीची माणसं उतरतात, फोटो निघतात, वस्तू मिळतात. तुमच्याकडे गाडी चढत नाही. ही झाली एक गोष्ट. दुसरी कागदातली आहे आणि ती तुमच्या हातात आहे.

मुख्याध्यापक दरवर्षी यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरतात. त्यात वर्गखोल्यांचे रकाने असतात: सुस्थितीत किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचं वार्षिक अंदाजपत्रक या माहितीवर उभं राहतं. तुमची गळकी खोली तिथे ‘सुस्थितीत’ म्हणून गेली असेल, तर दोन शिक्षकांना दोन खोल्या, निकष पूर्ण, विषय संपला. असं का भरलं जातं? कधी मागच्या वर्षीचे आकडे तसेच पुढे सरकतात, कधी आपल्या शाळेवर वाईट शेरा नको म्हणून. लगेच गुरुजींवर चिडू नका. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक मागून घ्या. शाळेचं रिपोर्ट कार्ड संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं, पाड्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या पोराला मोबाइलवर काढायला सांगा. पुढच्या खेपेला फॉर्म भरताना समितीच्या सभेत एकेक रकाना मोठ्याने वाचून घ्या. दार नसलेला संडास मुलींसाठी ‘चालू’ कसा, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

खोली दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर ‘निर्लेखन’ करावं लागतं, म्हणजे ती वापरातून काढून पाडायची परवानगी. बांधकामचा अभियंता पाहणी करतो आणि प्रस्ताव वर जातो. निर्लेखन होत नाही तोवर ती खोली हिशोबात शिल्लकच राहते, आणि आहे म्हटल्यावर नवी कशाला द्यायची? दाराला साखळी घातलेल्या अशा कितीतरी खोल्या मी पाहिल्या. कोणी पहिला अर्जच केलेला नव्हता.

शाळेच्या हातात थेट येतं ते संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षाच्या मार्गदर्शक सूचनांत ते पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. तुमचा पट ३४. उद्या चार मुलं आश्रमशाळेत गेली की पंचवीसचे दहा होतील. पत्रे तेवढेच, गळतीही तेवढीच, पैसे निम्म्याहून कमी. लहान शाळांवरचा अन्याय मला इथे सगळ्यात उघडा दिसतो, आणि त्याबद्दल मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. या रकमेत वीजबिल, खडू, पाणी, स्वच्छता आणि बारीकसारीक दुरुस्ती भागवायची असते. यंदाचा हप्ता पूर्ण आला का, कधी आला, कशावर गेला, हे सभेत विचारा. खर्चावर देखरेख ठेवणं हे कायद्याने समितीचंच काम आहे, त्यात संकोच नको.

छप्पर मात्र त्यातून होणार नाही. त्यासाठी शाळा विकास आराखडा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने तुमची समिती बसवली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. कलम २२ सांगतं की समितीचा आराखडा हाच सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार. हसू नका. मी पाहिलेले बहुतेक आराखडे एकाच हस्ताक्षरातले होते, केंद्रातल्या सगळ्या शाळांचे सारखेच, शेवटच्या पानावर सह्या आणि अंगठे. तुमचा तसा नसावा. तीन वर्षांत कोणत्या वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती लागतील, बांधकाम कोणतं हवं आणि त्याला पैसे किती, एवढंच लिहायचं असतं. पैशाचा आकडा मनाने टाकू नका. शाखा अभियंत्याकडून लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यांना पहिल्याच दिवशी पाड्यापर्यंत चालत न्या. का, ते पुढे सांगते.

दाराचं आणि नळाचं काम ग्रामपंचायतीतून होऊ शकतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली होती. चालू वर्षाची टक्केवारी ग्रामसेवकांना विचारून घ्या. तुम्ही पेसात आहात, म्हणजे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला, निधीही येतो. शिक्षणावर तो खर्चता येतो आणि कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे ठराव मांडा. सूचक आणि अनुमोदकाचं नाव प्रोसिडिंगात येऊ द्या आणि नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास आकार घेऊ लागतो. २६ जानेवारीला मागितलेलं दार आणखी एक पावसाळा लांबतं.

आता खालच्या शाळेचा प्रश्न. एका केंद्रातल्या आयांनी काय केलं ते सांगते. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केंद्रातल्या सगळ्या शाळा एकाखाली एक लिहिल्या. पुढे रकाने आखले: पट, शिक्षक, खोल्या, त्यातल्या बसण्याजोग्या किती, मुलींचा संडास वापरता येतो का, पाणी, कंपाउंड, आणि तीन वर्षांत आलेला बांधकामाचा पैसा. शेवटचा रकाना त्यांनी माहिती अधिकारातून भरला. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तराला ३० दिवस. ‘आमच्या शाळेला का दिलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘केंद्रातल्या प्रत्येक शाळेला कोणत्या लेखाशीर्षातून किती मंजूर, किती वितरित, किती खर्च’ असं विचारा.

तक्ता भरल्यावर वेगळं सांगायची गरजच उरली नाही. वरच्या पाड्यांवरच्या सगळ्या शाळांपुढे शून्य होतं. तक्त्यासोबत दिलेल्या निवेदनावर रस्त्याकडेच्या शाळेच्या अध्यक्षांनीही सही केली, आणि माझ्या मते तीच सही सगळ्यात कामाची ठरली. कारण ऑफिसातलं ठरलेलं उत्तर असतं: तुम्हाला दिलं तर त्यांचं कापावं लागेल. ज्यांचं कापणार तेच समोर उभे राहून ‘वरच्यांना आधी द्या’ म्हणाले, तर बोलायचं काय? गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तो तक्ता झेरॉक्स करून आपल्या प्रस्तावाला जोडला. त्यांनाही जिल्ह्यात भांडायला आकडे लागतातच. शाळांच्या विशेष दुरुस्तीला आणि नव्या खोल्यांना जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मिळू शकतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ती योजना ठरवते आणि प्रस्ताव हिवाळ्यात पक्के होतात. तिथे ‘पालकांची मागणी’ एवढ्या दोन शब्दांवर काही मिळत नाही.

सगळ्या शाळांना मिळालं असं नाही. काहींचे पत्रे बदलले. सगळ्यात वरची शाळा मंजुरी मिळूनही तशीच राहिली, कारण वाळू-सिमेंट डोक्यावरून चढवायचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता आणि ठेकेदार फिरकला नाही. म्हणून म्हटलं, अभियंत्याला चालत न्या.

हे सगळं करून वर्षभर हाललं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाही दिला, किंवा पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. आवक शिक्क्याची पोच मात्र प्रत्येक कागदावर घ्या. सातवी शिकलेली बाई पोच मागते म्हटल्यावर क्लार्कची मान वर होते, मी पाहिलंय.

आमच्या महापालिकेच्या शाळेत पालकांनी ग्रुप करून दरमहा २०० रुपये जमवायला सुरुवात केली. त्यातून रखवालदार ठेवला, संगणक शिकवणाऱ्या मॅडमचं मानधन देतो. शाळा सुधारली, हे खरं. पण ग्रुपवर दर महिन्याला ‘बाकी’ म्हणून नावांची यादी पडते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने, त्या धुणीभांडी करतात, मुलीचं नाव काढून गावी पाठवलं. मी वर्गणी बंद करा म्हटलं तर मलाच विचारलं, ‘मग शाळा मोडू द्यायची का?’
— एक रिक्षाचालक बाप

यादी आजच्या आज बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे: ज्या फीमुळे किंवा खर्चामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल, असा कोणताही आकार त्याच्याकडून घेता येत नाही. वर्गणी पालकांनी जमवली म्हणून अडचण कमी होत नाही. त्या मुलीला परत आणायला ग्रुपवरच्या दोन आयांनी तिच्या घरी फोन करावा. पत्र नको, फोन.

आता वर्गणीचं. तुम्ही रखवालदार ठेवलात की महापालिकेच्या लेखी तुमच्या शाळेचा रखवालदाराचा प्रश्न मिटला. पुढच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद येणारच नाही, कारण मागणीच नाही. तुमच्या वॉर्डात अशीही शाळा असेल जिथले पालक २०० रुपये देऊ शकत नाहीत. तिथे रखवालदार नाही, संगणक खोलीला कुलूप, आणि तिथली मुलं तुमच्या शाळेकडे येऊ लागतात. तुमचा पट वाढलाय तो काही अंशी असाच वाढला असणार. आपल्या राज्यात लोकसहभागाचं फार कौतुक होतं. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस ठेवलं. शाळा सजतात, गाव एकत्र येतं, मलाही ते आवडतं. पण स्पर्धेत उतरायलाही काहीतरी हाताशी लागतं. ज्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे भिंती रंगवायला कोण थांबणार?

वर्गणी एका झटक्यात बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या मॅडमचं घर त्यावर चालत असेल. मुदत घाला. समितीचा ठराव करा की अमुक महिन्यापर्यंत हा खर्च पालक करतील, पुढे ही महापालिकेची जबाबदारी. तो ठराव प्रशासन अधिकारी, आयुक्त आणि आपले नगरसेवक यांना द्या. सोबत वॉर्डातल्या बाकीच्या शाळांच्या समित्यांच्या सह्या हव्यात आणि मागणी सगळ्या शाळांसाठी हवी. तुमच्या एकट्या शाळेसाठी मागितलंत तर फार तर नगरसेवक स्वतःच्या ओळखीतून माणूस देतील आणि त्याचा बोर्ड गेटवर लावतील.

वेळ महत्त्वाची. मुंबईत शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो, फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे खात्यांच्या मागण्या त्याआधीच तयार झालेल्या असतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तुमच्या शहरात काय चालतं ते वॉर्ड ऑफिसात विचारा, पण गणपती उठले की कामाला लागा. अंदाजपत्रकाचं पुस्तक मिळवलंत तर नवीन तरतुदीचा रकाना शेवटी वाचा. आधी गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च बघा. शाळा दुरुस्तीला मोठी रक्कम धरलेली आणि खर्च तिच्या निम्मा, असं दिसलं तर ‘पैसा नाही’ हे उत्तर तिथेच संपतं. मग विचारायचं एवढंच, की राहिलेला पैसा कुठे वळवला.

मी मुख्याध्यापक आहे. अनुदान मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतं, खर्च झाला नाही की परत जातं, आणि पालक समजतात मीच खाल्लं. काय करू?
— एक त्रासलेले गुरुजी

गुरुजी, पालकांना तारीख दाखवा. रक्कम खात्यावर वापरता येऊ लागली तो दिवस सभेच्या प्रोसिडिंगात लिहून अध्यक्षांची सही घ्या. डिसेंबरातच खर्चाची यादी समितीकडून मंजूर करून ठेवा, दरपत्रकं मागवून ठेवा, म्हणजे पैसे आले की चार दिवसांत काम उरकेल. आणि उशिराबद्दलचं पत्र तुम्ही लिहू नका. तुम्ही लिहिलंत तर कारणे दाखवा नोटीस येईल. समितीने लिहावं, केंद्रातल्या इतर समित्यांनीही लिहावं. चिडलेले पालक तुमच्या विरोधात आहेत असं धरून चालू नका. वरच्या ऑफिसला तुम्ही जे विचारू शकत नाही, ते तेच विचारू शकतात.

नमस्कार. मी २० वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. मला माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला मोठा इंटरॅक्टिव्ह बोर्ड द्यायचाय. भाऊ गावीच शेती करतो, तो सगळं बघेल. तुमचं मत?
— एक माजी विद्यार्थी

तुम्ही ज्या राज्यात राहता तिथलीच गोष्ट आधी. कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, आयर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी इथल्या मुलांच्या वतीने १९८१ मध्ये ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ हा खटला दाखल झाला. गरीब शहरांतल्या मुलांवर होणारा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा, असा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. १९९८ च्या निकालात त्या भागांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीही आली. एवढी वर्षं झगडावं लागलं, पण मिळालं ते देणगी म्हणून नव्हे.

आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेचे पगार घरपट्टीवर अवलंबून नाहीत, हे आपलं नशीब. पण पगाराच्या वरचा पैसा, म्हणजे बोर्ड, टीव्ही, कंपाउंड, तो ज्या गावचा मुलगा परदेशी गेला त्याच गावाला मिळतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे (इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग) दिलेल्या निवेदनात हाच सवाल होता: महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. तुम्ही वरच्या वर्गातले आहात असं म्हणत नाही, रागावू नका. तुमच्या पहिल्या ओळीतली तक्रार आणि दुसऱ्या ओळीतला बेत एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच.

द्या, जरूर द्या. पण मुख्याध्यापकांना आधी दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षीचं वीजबिल कोणी भरलं, आणि आज मीटर चालू आहे का. बिल थकून वीज तोडलेल्या शाळेत मी प्लॅस्टिकच्या आवरणातला प्रोजेक्टर पाहिलाय, त्यावर दात्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं. आणि शक्य असेल तर केंद्रातल्या सगळ्या शाळांचा विचार करा. बोर्डाच्या पैशात प्रत्येक शाळेत थोडीफार पुस्तकं आणि पाण्याची टाकी होत असेल तर माझं मत तिकडे.

भाऊ सगळं बघेल म्हणता, तर त्याला पहिलं काम हे द्या: येत्या ग्रामसभेला जाऊन शाळेचा विकास आराखडा कुठे आहे ते विचारायचं, आणि असेल तर पानांचे फोटो तुम्हाला पाठवायचे. त्यात गावाने काय मागितलंय ते वाचा. बोर्डाचं त्यानंतर ठरवू.